बंद करण्याचे कारण

अर्ज दुसऱ्यांदा परत आला तेव्हा चिटणीसबाईंना आधी राग आला तो स्वतःच्या अक्षराचा. इतकं वळणदार अक्षर, काना-मात्रा जागच्या जागी, कुठे खाडाखोड नाही, आणि तरी वरच्या कोपऱ्यात लाल शाईत 'त्रुटी, परत' असा शेरा. एकतीस वर्षं ज्या बाईने लोकांचे अर्ज एका फेरीत पास करून दाखवले, तिचाच अर्ज दोनदा परत येतो ही बातमी दुपारचा चहा संपायच्या आत कचेरीच्या तिन्ही मजल्यांवर पोचली.

"अर्जदार कोण?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"संस्था."

"संस्थेला हात असतात का, बाई?"

"मी चिटणीस आहे."

"मग सही कुठाय तुमची?"

चिटणीसबाईंनी खाली डावीकडे बोट ठेवलं. सही होती, तारखेसकट होती.

"ही जागा मजकूर लिहिणाऱ्याची," कारकून म्हणाला. "अर्जदाराची उजवीकडे. ती कोरी आहे. म्हणजे हा अर्ज कुणीतरी लिहिलाय, पण केलेला कुणीच नाही."

मागे उभ्या असलेल्या दोघातिघांना हसू फुटलं. चिटणीसबाईही हसल्या, कारण चूक त्यांच्या लक्षात आली होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. आयुष्यभर त्या डावीकडेच सही करत आल्या होत्या. उजवीकडची जागा समोर बसलेल्या माणसाची. तिथे कुणी सही करी, कुणी अंगठा उठवी. आपणही कधी त्या बाजूला असू शकतो हे त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं.

"करा आता उजवीकडे, लगेच दाखल करून घेतो," कारकून म्हणाला. माणूस भला होता. आदल्या आठवड्यात पहिल्यांदा अर्ज परत केला तेव्हाही त्याने उगाच पिडलं नव्हतं. त्या वेळी अकराव्या रकान्यात, म्हणजे 'संस्था बंद करण्याचे कारण' या रकान्यात, बाईंनी 'सोबत जोडल्याप्रमाणे' असं लिहून समितीतल्या नऊही जणांची कारणं ज्याच्या त्याच्या शब्दांत चार पानांवर जोडली होती. कारकून म्हणाला होता, "इतकी कारणं घटस्फोटाच्या अर्जातही नसतात हो. एकच लिहा, रकान्यात मावेल असं." म्हणून या खेपेला त्यांनी लिहिलं होतं, 'परिस्थिती बदलल्यामुळे'. कारणाबद्दल आता त्याची काही तक्रार नव्हती. फक्त सही हवी होती.

चिटणीसबाईंनी पेन काढलं, टोपण उघडलं, उजवीकडच्या रेघेवर नेलं. आणि हात तिथून पुढे जाईना.

"उद्या आणते," त्या म्हणाल्या आणि कागद घेऊन निघाल्या. 

आता या संस्थेबद्दल सांगायला हवं. कागदावरचं तिचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळे तिला नुसतं 'टेबल' म्हणत. एका डॉक्टरांनी याच कचेरीच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, आपल्या दवाखान्यातलं एक जुनं टेबल आणून टाकलं आणि ज्यांना अर्ज भरता येत नाहीत त्यांना ते फुकट भरून द्यायला सुरुवात केली, तिथून हे सगळं निघालं. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांना शोभेल असंच होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भरलेले सगळेच्या सगळे अर्ज परत आले. मग चांगल्या अक्षराच्या बाईचा शोध सुरू झाला, आणि ती बाई दोन गल्ल्या पलीकडे सापडली.

पुढे टेबलाची चार टेबलं झाली. जिन्याखालून उठून त्यांनी पहिल्या मजल्यावरची मागची खोली घेतली. भर होता तेव्हा अकरा माणसं लिहायला बसत, आणि आणखी दोन कचेऱ्यांत टेबलाच्या शाखा होत्या. नियम मोजून तीन. माणूस सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपलं शहाणपण घालायचं नाही. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायचं. आणि 'असंच म्हणायचंय ना?' असं विचारल्यावर माणूस 'असंच' म्हणाला, तरच त्याची सही घ्यायची. हा तिसरा नियम चिटणीसबाईंचा. त्यापायी त्यांनी खात्यांच्या साहेबांशी भांडणं घेतली होती. एका म्हाताऱ्याने 'मुलगा मला विचारत नाही' असं सांगितलं, तर ते 'कौटुंबिक दुर्लक्ष' असं लिहा म्हणणाऱ्या साहेबाला त्यांनी ऐकवलं होतं की दुर्लक्ष तुमच्या फायलीत होतं, म्हाताऱ्याच्या घरी काय होतं ते त्यालाच ठाऊक.

मग अर्ज पडद्यावर गेले. लोक दाराशी येऊन विचारू लागले, "मोबाईलवर भरून देता का?" आतून उत्तर जाई, "नाही, आम्ही कागदावर लिहितो." लोक बरं म्हणून निघून जात. दिवसाला चाळीस येत होते त्यांचे चार झाले, मग आठवड्याला चार. गेल्या महिन्यात दोघं आली. त्यातल्या एकीला फक्त स्वच्छतागृह कुठे ते हवं होतं.

शेवटच्या बैठकीत डॉक्टर, म्हणजे अध्यक्ष, वय वर्षं चौऱ्याऐंशी, म्हणाले, "आपल्याला लोक सहन करायला लागायच्या आत थांबू या." कुणी विरोध केला नाही. समोरच्या रस्त्याचं वाचनालय काम पुढे न्यायला तयार होतं. त्यांच्याकडे जागा होती, तीन संगणक होते, आणि ग्रंथपालबाईंना माणूस हवा होता. नुसता पडद्यावर अर्ज भरून देणारा नको, दहाबारा स्वयंसेवकांना ते काम समजावून शिकवणारा हवा. टेबल बंद झाल्याची पोच शुक्रवारी तीनच्या आत त्यांच्या हातात पडली, तर त्या जागेवर टेबलाचा माणूस घेणार. नाही पडली, तर काम एका कंपनीकडे जाणार आणि कंपनी आपलं यंत्र बसवणार, माणूस नाही.

टेबलाचा पगारी माणूस एकच उरला होता. तो टाइपिस्ट. टाइपरायटरच्या दिवसांत लागलेला, म्हणून त्याचं नाव टकटक पडलं, आणि वय वाढलं तसं मानाने टकटकराव झालं. वय चौपन्न. घरी बायको, अंथरुणाला खिळलेली आई आणि शिकणारी मुलगी. आणि आज वार बुधवार.

चिटणीसबाई खोलीत आल्या तेव्हा टकटकराव जुन्या कच्च्या अर्जांचे गठ्ठे फाडत होते. लोकांच्या घरच्या गोष्टी होत्या त्यात, रद्दीत द्यायच्या नाहीत असं ठरलं होतं. त्यामुळे ते एकेक पान चार तुकडे करून पोत्यात टाकत होते.

"झालं का?"

"उद्या," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, उठल्या, खिडकी उघडली, पुन्हा लावली. "तुम्ही ग्रंथपालबाईंना हो म्हणून कळवलंत का?"

"नाही म्हणून कळवलं."

"काय?"

"पोच वेळेत मिळाली तर त्यांनी दुसरा माणूस बघावा, असं सांगितलं." टकटकरावांनी आणखी एक पान फाडलं. "ते काम समजावून सांगायचं आहे, बाई. भरून द्यायचं असतं तर गेलो असतो. पण समजावणं माझ्याच्याने होत नाही."

"कोण म्हणतं असं?"

ते हसले. "आता कोण म्हणतं काय, तुम्हीच नाही का म्हणाला होतात? आणि खरंच होतं ते. घरच्या घरी नऊ माणसांना पटवता आलं नाही, ती नवीन पोरं काय ऐकणार माझं. पालकसभेतसुद्धा मी बायकोला पाठवतो. उभं राहून बोलायचं म्हटलं की घशात काहीतरी येतं."

एवढं बोलून त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला. त्यांच्या मनात काहीच नव्हतं. आवाजात टोचणारं काही असतं तर चिटणीसबाईंना बरं वाटलं असतं. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी पर्स उचलली, पर्स ठेवली, पुन्हा उचलली आणि बसची वेळ झाली असं म्हणून निघाल्या. बसला अजून पाऊण तास होता.

झालं होतं ते असं. सात वर्षांपूर्वी टकटकरावांनी स्वतःच्या खिशातून रात्रशाळेत जाऊन संगणक शिकून घेतला होता, आणि टेबलावर दोन संगणक घ्यावेत असा ठराव समितीपुढे आणला होता. माणूस सांगेल ते त्याच्याच शब्दांत पडद्यावर भरायचं, मोठ्याने वाचून दाखवायचं, विचारायचं, मगच पाठवायचं. म्हणजे यंत्र नवं, नियम तेच. चार मतं बाजूने होती हे त्यांना माहीत होतं, चार विरुद्ध आहेत हेही माहीत होतं. आदल्या संध्याकाळी चिटणीसबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "माझं तुम्हालाच. काळजी करू नका." बैठकीत टकटकरावांनी पंचवीस मिनिटं ठराव मांडला. हातवारे करून, गमती सांगून, दोन्ही बाजूंच्या शंकांना उत्तरं देत. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. डॉक्टरांनी मोजल्या, फाडल्या आणि सांगितलं, "पाच विरुद्ध चार. ठराव नामंजूर."

आपल्या पाचांतला कुणीतरी ऐनवेळी फिरला, एवढंच टकटकरावांना कळलं. कोण ते त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त जिना उतरताना ते बाईंना म्हणाले होते, "काय चुकलं हो माझं?" आणि चिटणीसबाई, ज्यांनी चिठ्ठीवर 'नाही' लिहिलं होतं, त्या म्हणाल्या होत्या, "समजावणं जरा कमी पडलं, बघा."

सात वर्षं हे वाक्य त्या माणसाने सांभाळून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी चिटणीसबाई घरात येरझारा घालत होत्या. खिडकीपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणि उलट. त्यांचे यजमान मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ते खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते.

"अगं, हॉल अकरा पावलांचा आहे. मी कधीच मोजलाय. तू नव्याने मोजलास म्हणून वाढायचा नाही."

"तुम्ही गप्प बसा हो."

"एक सही करायची आहे ना? लग्नाच्या रजिस्टरवर केलीस तेव्हा एवढा वेळ लावला नव्हतास. आणि तिथे खरं म्हणजे विचार करायला जागा होती."

एरवी त्या हसल्या असत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मी एका माणसाचं वाटोळं केलंय." मग सगळं सांगितलं. चिठ्ठी, जिना, समजावणं. यजमानांनी पेपर खाली ठेवला. मोजणीतला माणूस, एकदम बोलायची सवय नव्हती.

"मग आता काय करतेस?"

"तेच कळत नाही. सांगितलं तर सात वर्षांचं सगळं टेबलच त्यांच्या अंगावर कोसळेल. नाही सांगितलं तर उद्याही ते नाहीच म्हणणार, आणि मीच मागे लागून काम लावून दिलं तरी त्यांच्या घशात ते येतच राहणार. आणि मी 'परिस्थिती बदलल्यामुळे' असं लिहून मोकळी. परिस्थिती कुठे बदलली, ती तर आमच्या दारात उभी राहून विचारत होती."

"डॉक्टरांना विचार," यजमान म्हणाले.

डॉक्टर आता कमी ऐकत आणि जास्त झोपत. सूनबाईंनी चहा दिला, डॉक्टरांच्या कानात यंत्र बसवून दिलं आणि आत गेल्या. चिटणीसबाईंनी घसा साफ केला. "डॉक्टर, त्या संगणकाच्या ठरावाच्या वेळी—"

"तुमचं मत विरुद्ध होतं," डॉक्टर म्हणाले.

बाईंचा चहा बशीत सांडला.

"चिठ्ठ्या मीच मोजल्या ना? एकतीस वर्षं तुमचं अक्षर बघतोय. नऊ चिठ्ठ्यांत एकच 'नाही' असा, की छापून फ्रेम करावा." डॉक्टर हसायला लागले आणि खोकायला लागले. "गुप्त मतदान होतं. माझ्यापासून तेवढं गुप्त नव्हतं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मत ज्याचं त्याचं. त्यात बोलण्यासारखं काय?" मग त्यांनी कानाचं यंत्र बोटाने दाबलं. "का, आणखी काही आहे?"

जिन्यावर काय बोलल्या ते बाईंनी सांगितलं. या वेळी डॉक्टर हसले नाहीत. 

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मत चुकू शकतं. हे चुकणं नाही. हे वाईट आहे, चिटणीसबाई."

"हो."

"मी त्याला सांगणार नाही. माझ्या भरवशावर राहू नका." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "संस्था बंद करणं सोपं आहे. कुलूप लावलं की झाली बंद. नीट बंद करायची असेल तर आत कुणी राहिलंय का ते बघावं लागतं."

तिथून चिटणीसबाई लगेच घरी गेल्या नाहीत. बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि त्याच बसने परत आल्या. कंडक्टरने विचारलं, काही राहिलं का? त्या म्हणाल्या, राहिलंय. त्याने सीटखाली वाकून बघितलं.

शुक्रवारी दुपारी एकला त्या खोलीत आल्या तेव्हा खोली जवळजवळ रिकामी होती. तीन टेबलं गेली होती, एक उरलं होतं. टकटकराव पोत्यांची तोंडं बांधत होते. बाई नेहमीच्या खुर्चीकडे गेल्या नाहीत. टेबलाच्या अलीकडे, लोकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची ठेंगणी होती. तिच्यावर बसलं की टेबल छातीशी येतं हे त्यांना आजच कळलं. एकतीस वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती.

"टकटकराव, एक अर्ज भरून हवाय."

"कुणाचा?"

"माझा."

त्यांनी दोरी सोडली. "तुम्ही लिहा की. तुमच्या अक्षरापुढे माझ्या अक्षराचं काय घेऊन बसलात."

"मी लिहिलं तर मला हवं तसं लिहीन. तुम्ही लिहा."

टकटकरावांना गंमत वाटली असावी. पलीकडे जाऊन ते रीतसर बसले, कोरा नमुना समोर ओढला, पहिले दहा रकाने मागच्या कागदावरून उतरवून काढले. अकराव्यापाशी येऊन त्यांनी मान वर केली आणि टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे तसंच विचारलं, "हं. काय झालं ते सांगा. बेताने सांगा, मी लिहितोय."

"सात वर्षांपूर्वी समितीपुढे संगणक घेण्याचा ठराव आला."

ते लिहू लागले.

"ठराव टाइपिस्टने मांडला. चांगला मांडला."

पेन थांबलं. "बाई, हे कशाला?"

"मी म्हणाले ना? मग लिहा."

त्यांनी लिहिलं.

"मी आदल्या दिवशी त्यांना शब्द दिला होता की माझं मत ठरावाच्या बाजूने." चिटणीसबाईंचे हात मांडीवर एकमेकांत अडकले होते. "चिठ्ठीवर मी 'नाही' लिहिलं."

टकटकराव लिहीत नव्हते. कागदाकडे बघत होते. बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी कुणाला तरी नंबर विचारत होतं.

"लिहा," बाई म्हणाल्या.

त्यांनी तेही लिहिलं.

"ठराव एका मताने पडला. नंतर मी टाइपिस्टला म्हणाले की समजावणं कमी पडलं. ते खोटं होतं. पुढे लोक येईनासे झाले. म्हणून संस्था बंद करत आहोत."

"रकान्यात मावत नाही," टकटकराव म्हणाले. आवाज कोरडा होता.

"बारीक लिहा."

त्यांनी बारीक लिहिलं. मग कागद उचलून, नियमाप्रमाणे, मोठ्याने वाचून दाखवला. 'ते खोटं होतं' इथे ते अडखळले. ते थांबले, ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि पुढे गेले.

"असंच म्हणायचंय ना?"

"असंच."

चिटणीसबाईंनी उजवीकडे सही केली. टकटकरावांनी डावीकडे. इतक्या जोराने की खालच्या पोत्यावरही ती उमटली असती.

"का?" ते म्हणाले.

बाईंनी या प्रश्नाची तयारी केली होती, बसमध्ये बसून चांगले दोन तास. त्यातलं काही बोलवेना. "भीती वाटली. संगणक आला असता म्हणजे मला तुमच्याकडून शिकावं लागलं असतं. लोक तुमच्यासमोर बसले असते. माझं अक्षर कुणाला लागलं नसतं. मला ते नको होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मी तुम्हाला शिकवलं असतं की, बाई." टकटकराव उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि ते तो लपवत नव्हते. "आठ दिवसांत शिकवलं असतं. तुमच्याशेजारी बसून शिकवलं असतं. सात वर्षं. सात वर्षं मी तोंड उघडायच्या आधी दहादा विचार केला, की आता समोरच्याला कळेल का. मुलीला गणित समजावताना सुद्धा. आईला औषध समजावताना सुद्धा."

"मी माफी मागायला—"

"आत्ता नको," ते म्हणाले. "आत्ता हे दाखल करून तीनच्या आत पोच द्यायचीय."

कागद त्यांनीच घेतला. चिटणीसबाई मागून निघाल्या. जिन्यावर ते दोन पायऱ्या पुढे होते आणि मागे वळून बघत नव्हते. बाईंना दम लागला. त्यांनी हाक मारली नाही.

खिडकीतल्या कारकुनाने आधी सह्या तपासल्या. डावी, उजवी. समाधानाने मान हलवली. मग अकराव्या रकान्याकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने चष्मा वर सरकवला, वाचलं, टकटकरावांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं.

"हे फायलीत कायमचं राहतं, बाई. 'परिस्थिती बदलल्यामुळे' चाललं असतं."

"चाललं असतं," चिटणीसबाई म्हणाल्या.

त्याने शिक्का मारला, पोच फाडून दिली. एकतीस वर्षांच्या टेबलाची पोच बसच्या तिकिटाहून जरा मोठी होती.

वाचनालयात पोचले तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ग्रंथपालबाई कोपऱ्यातल्या तीन संगणकांपाशी उभ्या होत्या. त्यांच्याभोवती सातआठ स्वयंसेवक, कुणी कॉलेजातले, दोघी निवृत्त शिक्षिका, एक टॅक्सीवाला. ग्रंथपालबाईंनी पोच बघितली, तारीख बघितली आणि हुश्श केलं. मग टकटकरावांना म्हणाल्या, "आलात ते बरं झालं. पण तुम्ही 'नाही' म्हणून कळवलं होतंत ना? या सगळ्यांना शिकवायचंय, म्हणून विचारते. स्पष्ट सांगा, म्हणजे मला दुसरं बघता येईल. समजावून सांगणं जमेल का तुम्हाला?"

चिटणीसबाई दारातच थांबल्या होत्या. त्यांना वाटलं आपण मध्ये पडावं, आपण सांगावं की यांच्यासारखं समजावणारं दुसरं कुणी नाही. तोंडापर्यंत आलेलं त्यांनी गिळलं. ते सांगायचा हक्क त्यांनी घालवला होता.

टकटकरावांनी घसा साफ केला. एकदा, दोनदा. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिले.

"जमतं," ते म्हणाले. "आधीपासूनच जमत होतं."

आणि दाराकडे पाठ करून त्यांनी समोरच्या माणसांना जवळ बोलावलं.